नोव्हगोरोदची शिरगणती : अलेक्झांडर नेव्हस्कीच्या कारकिर्दीतील एक प्रकरण

सन १२५९ च्या हिवाळ्यात नोव्हगोरोद शहरात मंगोल साम्राज्याचे गणना-अधिकारी उतरले होते आणि रात्री त्यांच्या मुक्कामावर पहारा देत होती ती त्याच शहरातील सरदारांची मुले. शहरातील लोक आपल्याला ठार मारतील अशी भीती या अधिकाऱ्यांना वाटत होती आणि ती भीती निराधार नव्हती. पहारा बसवण्याचा हुकूम देणारा राजा होता अलेक्झांडर यारोस्लाविच, ज्याला इतिहास अलेक्झांडर नेव्हस्की म्हणून ओळखतो. स्वीडिश सैन्याला नेवा नदीच्या काठी आणि जर्मन सरदारांना गोठलेल्या चूद सरोवरावर हरवणारा हा वीर पुढे ऑर्थोडॉक्स चर्चचा संत झाला आणि आजही रशियात त्याच्याइतका आदर फार थोड्या मध्ययुगीन राज्यकर्त्यांच्या वाट्याला येतो. त्याच्याविषयीचे बहुतेक लेखन त्या दोन लढायांभोवती फिरते. मला मात्र असे ठामपणे वाटते की या माणसाचे मोल ठरवायचे असेल, तर १२४२ चे सरोवर बाजूला ठेवून १२५७ ते १२५९ या काळातील नोव्हगोरोदची शिरगणती आधी वाचली पाहिजे, कारण त्याच्या राजकारणाचा आधार, त्याचे यश आणि त्या यशाची किंमत या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र दिसतात.

शहर आणि त्याचा राजा

नोव्हगोरोद हे रशियाच्या वायव्येचे, वोल्खोव नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले व्यापारी शहर होते. उत्तरेच्या जंगलांतून येणारी फर आणि मेण बाल्टिक समुद्रमार्गे पश्चिमेला विकून ते श्रीमंत झाले होते. ११३६ मध्ये या शहराने आपल्या राजाला हाकलून दिले आणि तेव्हापासून राजाला बोलावणे, त्याच्याशी अटी ठरवणे आणि पटले नाही तर त्याला वाट दाखवणे, हे त्याच्या राज्यव्यवहाराचे अंगच बनले. वेचे या नावाची नगरसभा भरत असे, पोसादनिक हा निवडलेला नगराधिकारी कारभार पाहत असे आणि राजाचा मुक्काम शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गोरोदिश्चे येथे असे. खरी सत्ता मोठ्या जमीनदार बोयार घराण्यांच्या हातात होती, हे मान्य केले पाहिजे. पण सामान्य कारागीर आणि छोटे व्यापारी यांना सभेत आवाज होता आणि तो प्रसंगी दंग्याच्या रूपानेही उमटत असे. १९५१ पासून या शहराच्या उत्खननात भूर्जसालीवर लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे सापडली आहेत. देणीघेणी, घरगुती निरोप, तक्रारी, लग्नाच्या गोष्टी असे सगळे त्यांत आहे. ज्या लोकांची मोजणी होणार होती ते मुके, निरक्षर प्रजाजन नव्हते, एवढे त्या पत्रांवरून निश्चित कळते.

या शहराची एक दुखरी नस होती आणि अलेक्झांडरच्या घराण्याला ती चांगली ठाऊक होती. नोव्हगोरोदच्या आसपासची जमीन कमी पिकाऊ असल्याने धान्य बऱ्याच अंशी आग्नेयेकडील सुझ्दालच्या मुलखातून, म्हणजे नोव्हगोरोदकर ज्याला ‘खालचा मुलूख’ म्हणत तिथून येत असे. १२१५ मध्ये अलेक्झांडरचे वडील यारोस्लाव व्सेवोलोदोविच यांनी तोर्झोक हे नाक्याचे गाव धरून धान्याची वाट अडवली होती आणि शहरात भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच यारोस्लावचा मुलगा १२३६ मध्ये, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, नोव्हगोरोदच्या गादीवर आला.

पुढची सहा वर्षे त्याच्या कीर्तीची आहेत. १५ जुलै १२४० रोजी नेवाच्या काठी त्याने स्वीडिश तुकडीचा पराभव केला. नोव्हगोरोदच्या बखरीनुसार त्या लढाईत शहराची आणि जवळच्या लादोगा गावाची मिळून वीस माणसे पडली, यावरून लढाईचा आवाका लक्षात यावा. त्याच वर्षी शहराशी बिनसल्याने तो निघून गेला. जर्मनांनी शेजारचे प्सकोव शहर घेतल्यावर शहराने त्याला परत बोलावले आणि ५ एप्रिल १२४२ रोजी चूद सरोवरावर त्याने त्यांना हरवले. नोव्हगोरोदची बखर चारशे जर्मन मारले गेल्याचे सांगते, तर जर्मनांच्या बाजूची लिव्होनियाची पद्यबखर त्यांच्या लढाऊ धर्मसंघाचे वीस सरदार-बंधू पडले आणि सहा पकडले गेले असे म्हणते. दोन्ही विजय खरे आणि महत्त्वाचे होते. फक्त पुढच्या शतकांनी त्यांना दिलेला आकार मूळ घटनांपेक्षा फार मोठा आहे.

गाठ कोणाशी होती

१२३७ ते १२४० या तीन वर्षांत चंगीझ खानाचा नातू बातू खान याच्या मंगोल सैन्याने रशियाची बहुतेक मोठी शहरे जाळली. र्‍याझान, व्लादिमीर आणि अखेर कीव्ह पडले. मार्च १२३८ मध्ये सित नदीच्या लढाईत अलेक्झांडरचा चुलता, महाराजा युरी, मारला गेला. तोर्झोक दोन आठवडे लढून पडले; त्याच्या पुढे नोव्हगोरोदच्या दिशेने निघालेले मंगोल सैन्य इग्नाच क्रॉस नावाच्या ठिकाणाहून मागे वळले. शहर लढून वाचलेले नव्हते. ते केवळ वाचले होते.

यानंतर रशियन राजांना खानाच्या दरबारात जाऊन यार्लिक, म्हणजे राज्य करण्याची सनद, घ्यावी लागे. १२४६ मध्ये चेर्निगोव्हचा राजा मिखाईल बातूच्या छावणीत मारला गेला. त्याच वर्षी अलेक्झांडरचे वडील मंगोल साम्राज्याची राजधानी काराकोरम येथील दरबारातून परतताना वाटेत वारले आणि त्यांना विष दिले गेल्याचा संशय तेव्हाच बोलला गेला. अलेक्झांडर आणि त्याचा धाकटा भाऊ आंद्रेई यांनीही तो दूरचा प्रवास केला आणि १२४९ मध्ये ते परतले, तेव्हा अलेक्झांडरला उद्ध्वस्त झालेले कीव्ह आणि आंद्रेईला व्लादिमीरची महत्त्वाची गादी मिळाली होती. ज्याने काराकोरमपर्यंतचे गवताळ प्रदेश, त्यावरची डाकचौक्यांची व्यवस्था आणि त्या साम्राज्याची माणसे हलवण्याची ताकद डोळ्यांनी पाहिली, त्याला प्रतिकाराचा हिशेब इतरांहून वेगळा मांडता येत होता. अलेक्झांडरविषयी कठोर बोलणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये असे मला वाटते.

१२५२ मध्ये आंद्रेईने अवज्ञा केली. अलेक्झांडर त्या वेळी खानाच्या मुलखात गेलेला होता आणि त्याच सुमारास नेव्रुय नावाच्या सेनापतीच्या हाताखाली मंगोल फौज आंद्रेईवर चालून आली. पेरेयास्लाव्हलपाशी आंद्रेई हरला, मुलूख लुटला गेला, असंख्य माणसे धरून नेली गेली आणि तातारांची (रशियन लोक मंगोलांना तातार म्हणत) चाकरी करण्यापेक्षा परमुलखात पळून गेलेले बरे, असे म्हणत आंद्रेई स्वीडनला गेला. व्लादिमीरची गादी अलेक्झांडरला मिळाली. अलेक्झांडरने भावाविरुद्ध खानाकडे तक्रार करून ही फौज आणवली, असे अठराव्या शतकातील इतिहासकार तातिश्चेव्ह यांनी लिहिले आणि विसाव्या शतकात ब्रिटिश इतिहासकार जॉन फेनेल यांनी त्याच धाग्यावर या राजाला कठोरपणे दोषी धरले. जुन्या बखरींत मात्र अशी तक्रार केल्याचे थेट विधान नाही. म्हणून भावाच्या विश्वासघाताचा आरोप मी सिद्ध मानत नाही. त्या स्वारीचा लाभ त्याला झाला आणि तो त्याने घेतला, एवढे मात्र निर्विवाद आहे.

१२५७ : पहिला नकार

१२५१ मध्ये मोंगके साम्राज्याचा प्रमुख खान झाला आणि त्याने चीनपासून रशियापर्यंत सर्व प्रजेची गणना करण्याचे काम हाती घेतले. गणनेचे दोन हेतू होते : कर किती मिळेल हे ठरवणे आणि सैन्यात किती माणसे ओढता येतील हे जाणणे. १२५७ मध्ये सुझ्दाल, र्‍याझान आणि मुरोम येथे मोजणी झाली, दहांवर, शंभरांवर, हजारांवर आणि दहा हजारांवर अधिकारी नेमले गेले. पुरोहित, भिक्षू आणि मठाधिपती यांना मोजणीतून वगळले होते. ही सवलत लहान नव्हती; चर्चने पुढे या राजवटीशी आणि तिच्याशी जुळवून घेणाऱ्या राजाशी जे मवाळ धोरण ठेवले, त्याचे एक कारण तिच्यात आहे.

नोव्हगोरोदला बातमी उन्हाळ्यात पोहोचली की तातार तमगा आणि दशांश मागणार आहेत, म्हणजे व्यापारावरील जकात आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा. बखर सांगते की लोक तो सगळा उन्हाळा अस्वस्थ होते. शहर कधीही जिंकले गेलेले नव्हते, मग खंडणी कशाची, हा त्यांचा प्रश्न सरळ होता. त्यात दोन वर्षांपूर्वीची जखम ताजी होती : १२५५ मध्ये शहराने अलेक्झांडरचा मुलगा वासिली याला हाकलले, तेव्हा अलेक्झांडर फौज घेऊन आला होता आणि लोकांच्या बाजूचा पोसादनिक अनानिया याला काढून मिखाल्को याला बसवण्यात आले होते. त्याही वेळी ‘लहान’, म्हणजे सामान्य, लोकांनी मरेपर्यंत एकत्र राहण्याची शपथ घेतली होती आणि ‘मोठ्यांनी’, म्हणजे बोयारांनी, त्यांना दाबण्याचा बेत केला होता. आता १२५७ च्या हिवाळ्यात शहरातल्या लोकांनी मिखाल्कोला ठार मारले.

त्याच हिवाळ्यात अलेक्झांडर तातार वकिलांना घेऊन शहरात आला. त्याचा स्वतःचा मुलगा वासिली, जो पुन्हा तिथे राजा म्हणून बसवलेला होता, बापाबरोबर उभा राहिला नाही. तो प्सकोवला पळून गेला. नोव्हगोरोदने दशांश आणि जकात द्यायला नकार दिला, खानासाठी भेटी दिल्या आणि वकिलांना सुखरूप परत पाठवले. माझ्या मते हा नकार मोठ्या शहाणपणाचा होता. त्यांनी अपमान केला नाही, रक्त सांडले नाही, नजराणा दिला आणि मोजणी तेवढी नाकारली.

अलेक्झांडरने याचे उत्तर वकिलांच्या वतीने दिले. वासिलीला प्सकोवमधून धरून खालच्या मुलखात पाठवले आणि त्याला ज्यांनी ‘वाईट मार्गाला लावले’ त्यांच्यापैकी कोणाचे नाक कापले, कोणाचे डोळे काढले. ही शिक्षा त्याने मंगोलांच्या हातून करवली नाही. ती त्याने स्वतः, आपल्याच मुलाच्या सोबत्यांना दिली.

१२५९ : घरे मोजली गेली

दोन वर्षांनी दबाव वेगळ्या रीतीने आला. मिखाइलो पिनेश्चिनिच नावाचा माणूस खालच्या मुलखातून निरोप घेऊन आला : मोजणी मान्य केली नाहीत तर फौजा सुझ्दालच्या भूमीवर तयार उभ्या आहेत. नोव्हगोरोदचा बखरकार या निरोपाला ‘खोटी वकिलात’ म्हणतो. १२३८ ची तोर्झोकची राख आणि १२५२ ची स्वारी ज्यांच्या आठवणीत होती, त्यांना ही धमकी खोटी मानून चालणे शक्य नव्हते. शहराने मोजणी मान्य केली.

मग बर्काई आणि कासाचिक हे अधिकारी आपल्या बायकामुलांसह आणि मोठ्या लवाजम्यासह आले, आणि येताच आसपासच्या मुलखातून वसुली सुरू झाली. शहरात बंड उसळले. याच वेळी अधिकाऱ्यांनी अलेक्झांडरकडे पहारा मागितला आणि पोसादनिकाचा मुलगा व इतर बोयारांची मुले त्या कामावर लागली. ‘गणना करू द्या, नाहीतर आम्ही निघून जातो,’ असे गणना-अधिकारी म्हणाले. त्यांच्या निघून जाण्याचा अर्थ काय होईल हे सगळ्यांना कळत होते. सामान्य लोक म्हणाले की आम्ही पवित्र सोफियासाठी, या देवदूतांच्या घरांसाठी मानाने मरू. पवित्र सोफिया म्हणजे शहराचे अकराव्या शतकातील मुख्य चर्च. नोव्हगोरोदकरांसाठी ते शहराचेच दुसरे नाव होते. शहर दोन तटांत विभागले आणि मोठ्यांनी लहानांना मोजणी मान्य करण्याचा हुकूम दिला. अलेक्झांडर तातारांना घेऊन गोरोदिश्चेहून निघाला, तेव्हा त्याचे पाठ फिरवणे हीच शेवटची धमकी ठरली आणि विरोध मोडला.

बखरकाराचे एक वाक्य या सगळ्या प्रकरणाचा गाभा उघडा करते : बोयारांनी स्वतःसाठी सोपे आणि लहानांसाठी जड असे केले. मोजणीचे एकक घर धरले गेले असावे आणि कर घरागणिक सारखा बसला असावा, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. तसे असेल तर शेकडो माणसे राबवणाऱ्या बोयाराचा वाडा आणि एका चांभाराचे घर यांच्या नावापुढे सारखीच रक्कम पडते. नंतर ते अधिकारी घोड्यांवरून गल्ल्यांतून फिरले आणि ख्रिस्ती लोकांची घरे लिहून घेतली. मोजणी संपवून ते गेले, मुलगा द्मित्री याला गादीवर बसवून अलेक्झांडरही गेला.

दुसरा मार्ग होता का

अलेक्झांडरच्या बाजूने सर्वांत सबळ युक्तिवाद नैर्ऋत्येच्या गालिसिया या रशियन राज्याचा राजा दानिलो याच्याकडे पाहून करता येतो. तो आंद्रेईचा सासरा. त्याने पोपकडे मदत मागितली, १२५३ मध्ये पोपच्या प्रतिनिधीकडून राजमुकुट घेतला, सीमेवरच्या मंगोल सेनापतीला काही वर्षे थोपवून धरले. पश्चिमेकडून अपेक्षित सैन्य कधी आले नाही. नोव्हगोरोदमध्ये घरे मोजली जात होती त्याच सुमारास मंगोल सेनापती बुरुंदाई मोठी फौज घेऊन दानिलोच्या राज्यात शिरला आणि त्याच्या माणसांकडूनच त्याच्या किल्ल्यांचे तट पाडून घेतले. पोप चौथे इनोसंट यांनी १२४८ मध्ये अलेक्झांडरलाही पत्रे पाठवली होती. त्या वाटेने तो गेला नाही आणि दानिलोचे काय झाले हे पाहता त्याचा अंदाज बरोबर होता.

म्हणून खंडणी देणे हा त्याचा अपराध आहे असे मी म्हणणार नाही. मंगोलांनी नोव्हगोरोद कधीही लुटले नाही. तेथील चर्च, ग्रंथ आणि जमिनीखालची भूर्जपत्रे आज आपल्यापर्यंत आली ती त्या तडजोडीमुळेही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे आणि त्या दोन्ही टाळता येण्याजोग्या होत्या. खंडणीचा भार कोणी किती उचलायचा, हा निर्णय मंगोलांनी केलेला नव्हता. तो शहरातल्या बोयारांनी राजाच्या छायेत केला आणि राजाने तो होऊ दिला, कारण लहानांविरुद्ध बोयार हेच त्याचे साथीदार होते. आणि ज्या शहराने अटी घालून राजा बोलावण्याची परंपरा सव्वाशे वर्षे जपली होती, त्या शहराला त्याने हे शिकवले की राजामागे परकी फौज उभी असेल तर नगरसभेच्या नकाराला अर्थ उरत नाही. खानाची सनद हे नगरसभेला नमवण्याचे साधन होऊ शकते, हे त्याच्या वंशजांनी नीट लक्षात ठेवले. त्याचा धाकटा मुलगा दानिईल याच्यापासून मॉस्कोचे राजघराणे सुरू झाले आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या इव्हानने १४७८ मध्ये नोव्हगोरोदचे स्वातंत्र्य संपवून नगरसभेची घंटा मॉस्कोला नेली.

१२६२ मध्ये रोस्तोव, सुझ्दाल, व्लादिमीर आणि यारोस्लाव्हल येथील लोकांनी करवसुली करणाऱ्या मक्तेदारांना मारले किंवा हाकलले. अलेक्झांडर बातूचा भाऊ बर्के खान याच्याकडे गेला, सूडाची स्वारी टळली आणि रशियन माणसे मंगोल मोहिमांवर पाठवण्याच्या सक्तीतून सुटका मागण्याचे कामही त्याने तिथे केले. खानाने त्याला हिवाळाभर ठेवून घेतले. परततानाच तो आजारी पडला आणि १४ नोव्हेंबर १२६३ रोजी गोरोदेत्स येथे, संन्यास घेऊन, वारला. हा शेवटचा प्रवास त्याच्या आयुष्यातील सर्वांत निःस्वार्थ कृत्य होते असे मला वाटते.

स्मरणात उरलेला राजा

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या त्याच्या संतचरित्रात नेवा आहे, सरोवर आहे, पोपच्या दूतांना दिलेले उत्तर आहे. नोव्हगोरोदची शिरगणती नाही. १५४७ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून अधिकृत मान्यता दिली. १७२४ मध्ये पीटर द ग्रेटने त्याचे अवशेष व्लादिमीरहून सेंट पीटर्सबर्गला आणवले आणि यापुढे त्याचे चित्र भिक्षूच्या वेशात न काढता राजवस्त्रांत काढावे असा आदेश निघाला, कारण स्वीडनला हरवून नेवाकाठी राजधानी वसवणाऱ्या पीटरला पूर्वज हवा होता तो योद्धा. १९३८ मध्ये सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाईनचा त्याच्यावरचा चित्रपट आला, ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीशी करार होताच पडद्यावरून काढला गेला आणि १९४१ मध्ये जर्मन आक्रमणानंतर पुन्हा दाखवला गेला. १९४२ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्याच्या नावाचे लष्करी पदक काढले, त्यावर चेहरा आहे तो त्या चित्रपटातील अभिनेता चेर्कासोव्हचा. २००८ मध्ये दूरचित्रवाणीवरील देशव्यापी मतदानात ‘रशियाचे नाव’ म्हणून त्याची निवड झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये चूद सरोवराजवळ त्याचे भव्य स्मारक उभे राहिले.

विचारवंतांपैकी रशियाला युरोपाहून वेगळे मानणाऱ्या युरेशियावादी गटाने, विशेषतः जॉर्जी वेर्नाद्स्की यांनी, त्याच्या मंगोलांपुढील नमण्यालाच पराक्रमाचा दर्जा दिला : पश्चिमेपासून धर्म वाचवण्यासाठी पूर्वेपुढे स्वीकारलेली नम्रता. या मांडणीत विचारांची सुसंगती आहे, पण नोव्हगोरोदच्या गल्लीत ज्याचे घर लिहून घेतले गेले तो माणूस तिच्यात कुठेच नाही. नम्रता राजाने स्वीकारली आणि तिचे पैसे चांभाराने भरले, हा भेद ती मांडणी पुसून टाकते.

त्याच्या काळातील नोव्हगोरोदने मात्र दोन्ही बाजू लिहून ठेवल्या. मोजणीचा संताप नोंदवणारी तीच बखर त्याच्या मृत्यूच्या नोंदीत प्रार्थना करते की ज्याने नोव्हगोरोदसाठी आणि सगळ्या रशियन भूमीसाठी कष्ट घेतले, त्याला परलोकात देवाचे दर्शन घडो. आणि त्याच्यानंतर त्याचा भाऊ यारोस्लाव राजा म्हणून आला, तेव्हा शहराने त्याच्याशी केलेला लेखी करार आजही उपलब्ध आहे. राजाने काय करावे आणि काय करू नये याची कलमे त्यात आहेत. त्यांतल्या एका कलमात म्हटले आहे की तुझ्या भावाने, अलेक्झांडरने, जी गवताची कुरणे काढून घेतली होती त्यांवर तुझा हक्क नाही. आणि दुसऱ्यात, तुझ्या भावाने नोव्हगोरोदवर जो जुलूम केला, तो तू सोडून दे. यारोस्लावने क्रॉसचे चुंबन घेऊन ही कलमे मान्य केली.